एका स्टारच्या रिव्ह्यूला सांगलीच्या विश्रामबागेतल्या दुकानातून उत्तर

नमस्कार काका,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. पहिल्यांदा रात्री वाचला, तेव्हा तावातावाने अर्धं उत्तर लिहिलं होतं. सकाळी ते पुसून टाकलं. हे दुसरं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जानेवारीत आमच्याकडून साडेबावीस हजारांचा सहा रंगांचा टाकीवाला फोटो प्रिंटर घेतला, पाच महिन्यांत बसला. फोटो काळपट आणि लालसर येतात. शाई मशीननेच पिऊन टाकली. वॉरंटीत असताना १,४०० रुपये घेतले. भिंतीवरचा फोटो तीन महिन्यांत विटला, म्हणजे शाई डुप्लिकेट असणार. मालक फोनवर उद्धट बोलला. आणि शेवटी हिशेब, की एक फोटो १७२ रुपयांना पडला, तोच लॅबवाला १५ रुपयांत देतो.

हिशेब बरोबर आहे. मशीनच्या काउंटरवर १३९ प्रिंट दिसतात. २२,५०० मध्ये १,४०० मिळवून भागलं की १७१ रुपये ९४ पैसे येतात. फोटो पेपरचे पैसे तुम्ही धरलेच नाहीत, ते धरले तर आकडा अजून वर जाईल.

१,४०० रुपयांचं आधी मिटवतो. त्या दिवशी मी कोल्हापूरला गेलो होतो, दुकानात आमचा मुलगा होता. त्याने मशीन खोललं, शाई फवारणारं हेड धुतलं, रात्रभर भिजत ठेवलं आणि नेहमीच्या दराने बिल केलं. काम त्याने मन लावून केलं, पण वॉरंटीतलं मशीन आम्ही उघडायचंच नसतं. तुमच्या नावाने कंपनीकडे तक्रार नोंदवून द्यायला हवी होती, त्यांचा माणूस घरी येऊन बघतो. चूक आमची, पैसे परत. बिल हरवलं असेल तरी चालेल, वहीत नोंद आहे. आणि आम्ही खोललं म्हणून उद्या कंपनीने हात वर केले, तर हेडचा खर्च माझ्याकडे.

आता उद्धटपणाचं. फोनवर मी म्हणालो होतो, ‘काका, म्हैस चार महिने पिळलीच नाही तर आटणार की.’ दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, तीही हसली आणि ते तुम्हाला फोनवर ऐकू गेलं. वाईट वाटणारच. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. म्हशीबद्दल मात्र मागत नाही, कारण ते खरं आहे.

या मशीनच्या हेडला केसाहून बारीक शेकडो छिद्रं असतात. शाई बहुतेक पाणीच असते. पाणी उडालं की रंग तिथल्या तिथे चिकटतो, ताटाला वाळलेल्या वरणासारखा. शाई बाहेर ढकलायच्या दोन तऱ्हा आहेत. कॅननमध्ये ती क्षणभर उकळवून बुडबुड्याने ढकलतात. १९७७ मध्ये त्यांच्या लॅबमध्ये गरम सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजला चुकून लागलं, सुईतून शाई उडाली आणि त्यातून ही कल्पना निघाली. (आमच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न रोज कशाला ना कशाला लागतं, त्यातून फक्त फोड येतो.) एप्सनमध्ये विजेवर आकसणारा पिझोचा तुकडा शाई दाबून बाहेर काढतो. तऱ्हा कुठलीही असो, शाई वाहती राहिली पाहिजे.

तुमच्या १३९ पैकी सव्वाशे प्रिंट पहिल्या तीन आठवड्यांतले आहेत, हे तुम्हीच सांगितलंत. त्यानंतर मशीनवर कव्हर चढलं ते जूनपर्यंत. मधे मार्च, एप्रिल, मे. सांगलीतला उन्हाळा मी तुम्हाला काय सांगावा! त्यात तुम्ही बंद करताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण दाबत होता. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं, तर हेड कडेला जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि छिद्रं झाकली जातात. छपाई चालू असताना बोर्डावरून करंट काढला, तर हेड वाटेतच उघडं राहतं. हे विकतानाच सांगायचं काम माझं होतं. मी डेमो दिला, चकाचक फोटो काढून दाखवला, बटणाचं राहिलं.

जूनमध्ये फोटोवर रेघा आल्यावर तुम्ही पाठोपाठ अकरा वेळा हेड क्लिनिंग केलंत. शाई गेली ती तिथे. क्लिनिंग म्हणजे हेडमधून शाई ओढून तळाच्या वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया शाई शोषणाऱ्या गादीत, सोडणं. दोन-तीन वेळा करून नोझल चेक (छिद्रं तपासायचं रेघांचं पान) सुधारला नाही, तर मशीन बंद करून रात्रभर तसंच ठेवायचं. आतली शाईच वाळलेल्या शाईला भिजवते, मग सकाळी पुन्हा एकदा करून बघायचं. अकरा वेळा केलं की टाकी उतरते, पॅड भरत येतं आणि छिद्र असतं तसंच. नवीन मशीन पहिल्यांदा चालू करतानाही नळ्या भरायला बरीच शाई जाते. बॉक्सवरचे पानांचे आकडे सलग छपाईचे असतात, ही सगळी शाई त्यांच्या हिशेबात नसते.

फोटो काळपट येण्याची कारणं वेगळी. मोबाईलचा ब्राइटनेस पूर्ण चढवून बघितलेला फोटो कागदावर अंधारलेलाच वाटणार, कारण कागदाला पाठीमागून दिवा नसतो. शिवाय तुम्ही आणलेल्या नमुन्यांतले काही ‘प्लेन पेपर’ सेटिंगवर छापलेले होते आणि आत कागद ग्लॉसी. मशीनला कागद चुकीचा सांगितला की शाईचं माप चुकतं. लालसरपणाचं कारण आमच्या मुलाने काढलेल्या नोझल चेकवर सरळ दिसलं. सायनच्या रेघा अर्ध्या गायब होत्या. निळसर रंग पडायचा थांबला की सगळ्यांचे चेहरे देवीला शेंदूर लावल्यासारखे होतात.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो ए-४ वर मोठा करून तो फुटला, त्याचा दोष तरी मशीनला देऊ नका. ए-४ नीट यायचा तर लांब बाजूला साडेतीन हजारांच्या आसपास पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो साधारण १,६०० वर येतो. पाठवणाऱ्याला सांगा, डॉक्युमेंट म्हणून पाठव.

डुप्लिकेट शाईचा आरोप मात्र मला मान्य नाही. बाटल्या तुमच्यासमोर सील तोडून भरल्या. डुप्लिकेट शाई विकणारे गावात आहेत, स्वस्तही देतात. मी विकत नाही, कारण त्यातून चोक झालेले हेड शेवटी माझ्याच टेबलावर येतात. भिंतीवरचा तुमच्या वडिलांचा फोटो विटला, कारण तो डाय शाईचा (पाण्यात विरघळलेल्या रंगाच्या शाईचा) प्रिंट आहे, शंभर पानांच्या स्वस्त पाकिटातल्या कागदावर आहे आणि खिडकीसमोर बिनकाचेचा आहे. ऊन आणि उघडी हवा, दोन्ही डाय शाई खातात. चांगला कागद, वर काच आणि उन्हाआडची भिंत, एवढं केलं की फरक पडतो. तो फोटो मी पुन्हा काढून देतो, काचेच्या फ्रेमसकट. त्याचे पैसे नाहीत.

आता ज्यासाठी तुम्ही मुळात आला होता, त्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की २०१९ च्या पुरात अल्बम भिजला आणि उरलेसुरले फोटो घरच्या घरी पुन्हा काढायचे होते. तो ऑगस्ट मीही विसरलेलो नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ च्या वर गेली होती. पाणी उतरल्यावर पुढचे दोन महिने आमच्याकडे प्रिंटर कमी आणि चिकटलेले अल्बम जास्त येत होते. लग्नाचे, बारशाचे, आणि ज्यांचा दुसरा फोटोच नाही अशा माणसांचे. लोक वाळलेले फोटो ओढून सोडवायचे आणि चेहरा समोरच्या पानाला चिकटून यायचा. लॅबमध्ये धुतलेला जुना फोटो स्वच्छ गार पाण्यात भिजू दिला, तर पुष्कळदा आपणहून सुटतो, कारण तो मुळात पाण्यातूनच तयार झालेला असतो. मग टोकाला चिमटा लावून सावलीत टांगायचा. घरच्या प्रिंटरच्या डाय शाईचं तसं नाही. ती पुरात भिजली की रंग पाण्याबरोबर जातात. म्हणून नदीकाठच्या घरात फोटो कुठल्याही मशीनवर काढा, पण मूळ फाइल एका पेनड्राइव्हवर घालून वरच्या मजल्यावर किंवा गावाबाहेरच्या पाहुण्याकडे ठेवा.

आणि इथे माझी खरी चूक येते. तुम्ही म्हणालात, ‘घरी फोटो काढायचेत, चांगलं मशीन द्या.’ मी चांगलं मशीन दिलं. महिन्याला किती फोटो, हे विचारलंच नाही. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, ‘सव्वाशे, एकदाच.’ मग मी तुम्हाला म्हटलं असतं, काका, अल्बम इथे आणा, नीट स्कॅन करू आणि प्रिंट लॅबमधून काढून घ्या. कागद-बिगद धरून तीन हजारांत काम झालं असतं. ट्यूबलाइटखाली मोबाईलने फोटोचे फोटो काढायची पाळीही आली नसती. दुसऱ्या दुकानात तुम्हाला कमी किमतीचं मशीन मिळालं असतं आणि तेही असंच वाळलं असतं. पण तुम्ही माझ्याकडे आला होता.

मिरजेत माझा एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटो काढतो. याच मॉडेलवर रोज तीस-चाळीस पानं, ४ बाय ६ च्या एका पानावर आठ फोटो. चार वर्षांत त्याचं हेड एकदाही चोक झालेलं नाही. मशीन तेच. त्याची म्हैस रोज पिळली जाते, एवढंच.

तेव्हा दोन मार्ग आहेत. मशीन ठेवायचं असेल तर आठवड्यातून एकदा, रविवारी म्हणा, एक रंगीत पान काढत जा. नातवाचं चित्र काढा, काहीही काढा, फक्त त्यात सगळे रंग यायला हवेत. मी तुम्हाला दर रविवारी मेसेज टाकीन. मशीन नको असेल तर हेड सुरळीत करून मी १५,००० ला परत घेतो. तोटा पूर्ण भरून निघत नाही हे मला कळतं, पण वापरलेल्या मशीनचा बाजारभाव याहून खाली आहे. मिरजेच्या त्याच गिऱ्हाइकाला दुसरं मशीन हवंच आहे.

स्टार वाढवा असं म्हणत नाही. फक्त ‘डुप्लिकेट शाई’ एवढे दोन शब्द काढता आले तर बघा, बाकी सगळं राहू द्या.

आणि येताना मशीन स्कूटरवर पायांत उभं ठेवून आणू नका. टाक्यांत शाई आहे, कलंडलं की शाई आतल्या बोर्डावर उतरेल. रिक्षाने, सीटवर सपाट ठेवून आणा. भाडं मी देतो.