व्यावसायिक वापराचा संशय

फुकट सॉफ्टवेअरच्या करारनाम्यात ‘केवळ वैयक्तिक, अव्यावसायिक वापरासाठी’ अशी अट घालणाऱ्या वकिलाने कोकणातल्या घराची पडवी कधी पाहिलेली नसावी, अशी माझी पक्की समजूत आहे. चिपळूणला माझ्या आत्याच्या पडवीत एकच संगणक आहे. त्यावर ती नातवाशी बोलते, विजेचे बिल भरते, भिशीचा हिशेब ठेवते आणि आमसुले, कुळीथपीठ व सांडगी मिरच्यांच्या मागण्याही टिपून घेते. यात घर कुठे संपते आणि धंदा कुठे सुरू होतो, हे खुद्द तिलाही सांगता येणार नाही.

तिचा प्रिंटर रुसला की मी पुण्यात बसून रिमोट डेस्कटॉपच्या एका सॉफ्टवेअरमार्फत तिच्या पडद्यावर दाखल होतो. एके दिवशी पडद्याच्या मधोमध चौकट उगवली: व्यावसायिक वापराचा संशय. त्यानंतर दर पाच मिनिटांनी संबंध तुटू लागला आणि पुन्हा जोडायला गेले की थोडे थांबण्याचा हुकूम होऊ लागला. पाच मिनिटांत प्रिंटरचा ड्रायव्हर बसत नाही. तेवढ्या वेळात आत्याचा चष्मासुद्धा सापडत नाही. संशय कशावरून आला, हे मात्र कंपनी सांगत नाही. आरोप जाहीर, पुरावा गुलदस्त्यात.

सुटकेचा मार्ग म्हणजे एक प्रतिज्ञापत्र. आपण या सॉफ्टवेअरचा वापर कोणत्याही आर्थिक लाभासाठी करत नाही, असे लिहून सहीनिशी पाठवायचे. मी तो मजकूर आत्याला फोनवर वाचून दाखवला.

“अरे, पण गणपतीत शेजारच्या काकूंना दोन किलो कुळीथपीठ दिलं, त्याचे पैसे घेतले होते. ते लिहिलंस का?”

“आत्या, ते तसं काही विचारत नाहीत.”

“विचारत नाहीत म्हणून लपवायचं होय? आणि आमसुलाची बरणी तशीच दिली होती, तेही लिही. उगाच आपल्याला अगदीच धंदेवाईक समजायला नकोत.”

अर्ज मंजूर झाला, आणि काही आठवड्यांनी संशय पुन्हा बळावला.

आत्याचा पेच क्षुल्लक समजू नये. जर्मनीत एका सार्वजनिक नभोवाणीने क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर आपली कृती सर्वांना फुकट वापरू देण्याच्या, अव्यावसायिक परवान्याखालील छायाचित्र आपल्या संकेतस्थळावर वापरले, तेव्हा कोलोनच्या खालच्या न्यायालयाने २०१४ साली असा निर्वाळा दिला, की अव्यावसायिक म्हणजे निव्वळ खासगी वापर. त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने हा अर्थ अमान्य केला. जिथे दोन न्यायालयांचे जमत नाही, तिथे एका प्रोग्रामने कुळीथपिठाचा निवाडा परस्पर करून टाकावा, याचे मला राहून राहून नवल वाटते.

या प्रश्नाच्या वाटेलाच न जाण्याचा शहाणपणा ओपन सोर्सवाल्यांनी, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ कोड सर्वांना खुला ठेवणाऱ्यांनी, दाखवला आहे. त्यांच्या व्याख्येचे सहावे कलम बजावते, की वापराच्या क्षेत्रावरून भेदभाव करता येणार नाही, आणि उदाहरणादाखल तिथे धंदा व जनुकीय संशोधन अशी दोन कामे दिली आहेत. आत्या त्यांपैकी पहिलेच करते. ‘फुकट आहे म्हणजे दुकानात चालणार नाही’ हा समज आपल्याकडे उगाचच पसरला आहे. लिबरऑफिस या लिखापढी-हिशेबाच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये खुशाल पावत्या छापाव्यात, फायली आवळून लहान करणारे सेव्हनझिप कचेरीत बिनदिक्कत वापरावे. त्यांच्या परवान्यांतल्या मुख्य अटी सॉफ्टवेअर पुढे वाटणाऱ्यांसाठी, विशेषतः त्यात बदल करून वाटणाऱ्यांसाठी आहेत, आणि आत्याचा तसा काही विचार दिसत नाही.

शेवटी मी तिच्या संगणकावर रस्टडेस्क हे रिमोट डेस्कटॉपचेच, पण ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवले. त्याचा परवाना एजीपीएल हा ओपन सोर्स परवाना, म्हणजे वापरणाऱ्याच्या कमाईची चौकशी नाही, हे मी तिला समजावून सांगितले. आत्या बराच वेळ गप्प राहिली.

“फुकट देतात, आणि वर धंदा करा म्हणतात? मग त्यांचं घर कसं चालतं रे?”

“काही जण देणग्या देतात, काही कंपन्या पैसे मोजून वेगळी सेवा घेतात.”

“पत्ता घेऊन ठेव त्यांचा. कुळीथपीठ पाठवते. आणि हे बघ, विकत नाही म्हणावं, तसंच.”