वाढत्या अंगाची रायफल

आमच्याकडे अमेरिकेत विस्कॉन्सिनमधे नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा नऊ दिवसांचा बंदूक सीझन उघडतो, आणि त्याआधी महिनाभर ऑफिसात कॉफी मशीनपाशी एकच चर्चा, पोराला पहिली रायफल कुठल्या कॅलिबरची, म्हणजे केवढ्या काडतुसाची, घ्यायची. यंदा माझा तेरा वर्षांचा मुलगा शेजाऱ्यांबरोबर जाणारे, हंटर सेफ्टीचा कोर्सही झालाय, त्यामुळे मलाही मत आहे.

बहुतेक बाप म्हणतात थेट ३०-०६ घ्या, पोरगं वाढेल, रायफल जन्मभर पुरेल. जूनमधे आपल्याकडे वाढत्या अंगाचा युनिफॉर्म शिवतात तसला हिशोब, आणि मला तो बिलकुल पटत नाही. ३०-०६ ही १९०६ सालची अमेरिकन लष्कराची गोळी, धक्का २४३ विंचेस्टर या लहान काडतुसाच्या साधारण दुप्पट, आणि खांद्याला तो दोनतीनदा बसला की पोरगं चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतं. रेंजवर एक युक्ती करतात, त्याला न सांगता मॅगझिनमधे मधेच एक डमी काडतूस घालायचं. बार तर होत नाही, पण नळी हिसका खाऊन खाली जाते, आणि घाबरलाय हे मागे उभ्या सगळ्यांना कळतं. असा बार हरणाच्या पोटात बसतो आणि ते बिचारं कुठेतरी झुडपात तासन्तास तडफडतं.

२४३ ची १०० ग्रेनची (साधारण साडेसहा ग्रॅमची) गोळी दीडशे यार्डाच्या आत, पुढच्या पायामागे फुप्फुसात बसली तर इथल्या व्हाइटटेल हरणाला पुरते. पण नेम जरा हुकला तर तिच्यात सांभाळून घ्यायची ताकद कमी, म्हणून माझं मत ६.५ क्रीडमूर, १४० ग्रेनची गोळी, मधला धक्का आणि काडतुसं बहुतेक दुकानात मिळतात. ७ एमएम-०८ पण झकास, फक्त काडतुसं हुडकावी लागतात. खांद्याला टेकवायचा दस्ता मात्र पोराच्या मापाचा आखूडच हवा, आणि त्याआधी साध्या २२ वर, म्हणजे जेमतेम धक्का देणाऱ्या छोट्या रायफलवर, भरपूर सराव.

हे फॅमिली ग्रुपवर टाकलं तर मावशी म्हणाली, "अरे माळकऱ्याच्या घरात हे काय?" आणि वर्ध्याकडे शेती करणारा मामा म्हणाला, "त्याले इकडे धाडून दे, रोह्यायनं हरभरा खाऊन टाकला." रोही म्हणजे नीलगाय.

पिकं खाणाऱ्या जनावरांवरचा आपल्याकडचा वाद इथेच अडकलाय, मारा की मारू नका. २०१६ मधे तर मनेका गांधी आणि तेव्हाचे पर्यावरणमंत्री जावडेकर एकाच केंद्र सरकारात मंत्री असून यावरून जाहीर भांडले. पण मारायचं ठरलंच तर कोण मारणार, कशाने, त्याचा नेम कुणी तपासलाय, हे कुणी विचारत नाही. मग जागल करून थकलेला माणूस कुंपणात करंट सोडतो, नाहीतर डुकरासाठी गावठी बॉम्ब ठेवतो, आणि त्या तारेला कधी वाघ चिकटतो, कधी रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी.

इकडचं सगळं उचलून तिकडे न्या असं नाही म्हणत हां. इथे १९३७ च्या कायद्याने रायफल-काडतुसांवर ११ टक्के कर आहे आणि तो पैसा वन्यजीवांसाठी जातो हे खरं, पण याच माझ्या पोराने शाळेत बंदूकवाला घुसला तर काय करायचं याचं ड्रिलही केलंय. तरी रानडुकराचा परवाना देताना नेमाची परीक्षा आणि बंदुकीचा बोर, म्हणजे नळीचं माप, एवढं तरी वनखात्याने बघावं. मामाच्या गावात लायसनची बंदूक एकच आहे, बारा बोर, आणि तीही निवडणूक लागली की ठाण्यात जमा.