लेगोच्या ताजमहालाचं काय झालं ते विसरलात

लेगोचे (एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे) सीलबंद सेट घेऊन ठेवले तर ११ टक्के परतावा मिळतो असं सांगत त्याची सोन्याशी तुलना करणारा लेख वाचला. ‘सेट बाजारातून बंद झाला की भाव चढतच जातो’ हे त्यातलं वाक्य अर्धवट आहे. लेगोने २००८ साली काढलेला ताजमहाल (सेट नंबर १०१८९, जवळपास सहा हजार तुकडे) बंद झाल्यावर मूळ ३०० डॉलरच्या कितीतरी पट भावाने जात होता. मग २०१७ मध्ये कंपनीने जवळजवळ तोच सेट १०२५६ या नंबराने ३७० डॉलरला पुन्हा आणला आणि जुनी खोकी धरून बसलेल्यांचे भाव धाडकन खाली आले. हा धोका लेखात कुठेच नाही.

आणि आपल्याकडचं गणित तर वेगळंच. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. म्हणजे खरेदीच महागात पडते. शिवाय मुंबईचा पावसाळा! माझ्याकडच्या एका सीलबंद खोक्याचे कोपरे दमटपणाने फुगले, सीलची टेप पिवळी पडली. आतल्या पिशव्या जशाच्या तशा, पण गिऱ्हाईक फोटो बघूनच भाव पाडतं. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, पार्सलचा खर्च, साइटचं कमिशन हे सगळं त्या ११ टक्के परताव्यातून आधी वजा करा, मग सोन्याशी तुलना करू.