एकाच खुंटीला टांगलेले घर

नोकरीत मन रमत नसेल तर राजीनामा द्यावा की कुटुंबासाठी सहन करत राहावे, या प्रश्नावर आपल्याकडे तावातावाने बोलले जाते तेव्हा दोनच पक्ष दिसतात. एकाच्या मते आयुष्य एकदाच मिळते, म्हणून हिंमत करावी. दुसऱ्याच्या मते संसार मांडला की स्वतःची आवड-नावड बाजूला ठेवावी. ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे असे म्हटले, जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांच्या बोलण्यात हा आकडा 90 वर गेला, आणि डिसेंबर 2025 मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाची वेळ संपल्यावर फोन आणि ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. काम किती तास करावे यावर इतके बोलून झाले. पण ते काम सोडायचे ठरवणाऱ्याच्या घरात दुसऱ्या दिवशी काय शिल्लक राहते, हा हिशेब या वादात कुणी मांडताना दिसत नाही.

मी जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहते, आणि हा हिशेब मला जवळून पाहायला मिळाला, कारण माझे पती आणि पुण्यात हिंजवडीला काम करणारा माझा धाकटा दीर हे दोघे भाऊ एकाच सुमारास आपापल्या नोकरीला कंटाळले होते. दोघांचे शिक्षण सारखे, दोघांना एकेक मूल, दोघांची तक्रारही जवळजवळ तीच: वरिष्ठांचा अविश्वास, रविवारी संध्याकाळपासून चढणारा ताण, रात्री तुटणारी झोप. दोघांच्या स्वभावात पाहिले तर दीर अधिक धाडसी. तरीही आमच्या घरी राजीनाम्याचे पत्र लिहून झाले आणि त्याच्या घरी ते बराच काळ लिहिता आले नाही. म्हणून या प्रश्नाचा संबंध हिमतीशी फार थोडा आहे, असे माझे मत झाले आहे. नोकरी नावाच्या एकाच खुंटीला घरातल्या किती गोष्टी टांगलेल्या आहेत, यावर ती सोडता येईल की नाही हे बरेचसे ठरते.

जर्मनीविषयी आपल्याकडे एक ठाम समजूत आहे: तिथे काय, आवडले नाही तर सोडायची, बाकी सरकार बघते. हे अर्धेच खरे आहे. नोकरी गेल्यास इथला बेरोजगारी विमा निव्वळ वेतनाच्या साधारण 60 टक्के रक्कम देतो, आणि मूल असल्यास 67 टक्के. त्यासाठी मागच्या 30 महिन्यांत किमान 12 महिने विम्याचा हप्ता भरलेला असावा लागतो. पण रोजगार कार्यालयाच्या अर्जात एक प्रश्न असतो, की नोकरी कोणी संपवली, मालकाने की तुम्ही स्वतः. सबळ कारणाशिवाय स्वतः सोडली असेल तर साधारणपणे पहिले 12 आठवडे एक पैसाही मिळत नाही, आणि एकूण मिळायच्या मुदतीतूनही तेवढे दिवस, किंवा त्याहून अधिक, वजा होतात. काम तब्येतीला घातक ठरते आहे, असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र हे सबळ कारण मानले जाऊ शकते. पण ते राजीनाम्याच्या आधीचे हवे आणि आधी कंपनीशीही बोललेले हवे. रागाच्या भरात दिलेल्या राजीनाम्याची किंमत या देशातही मोजावीच लागते.

परदेशी माणसाच्या बाबतीत आणखी एक गाठ असते. माझे पती ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर आले होते, त्यामुळे त्यांचा इथे राहण्याचा हक्कच नोकरीशी जोडलेला होता. पहिल्या 12 महिन्यांत नोकरी बदलली तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावे लागते. युरोपीय संघाच्या 2021 च्या निर्देशाप्रमाणे कार्ड मिळून दोन वर्षे झालेली नसतील तर तीन महिन्यांपर्यंतची आणि त्यानंतर सहा महिन्यांपर्यंतची बेरोजगारी कार्ड काढून घेण्याचे कारण ठरत नाही. जर्मन भाषेची बी-1, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरती पातळी गाठलेल्या ब्लू कार्डधारकाला 21 महिन्यांनंतर कायमचा वास्तव्य परवाना मागता येतो, आणि तो मिळाला की राहण्याचा हक्क आणि नोकरी यांची ताटातूट होते. आमच्या घरात राजीनाम्याची भाषा पहिल्यांदा झाली तेव्हा हा परवाना हाती नव्हता, आणि मी अर्धा दिवसच काम करत होते, कारण मुलीला पाळणाघरात दुपारपर्यंतचीच जागा मिळाली होती. त्या दिवसांत कोणी आम्हाला धाडसाचा उपदेश केला असता तर तो ऐकण्याचा संयम माझ्यात नव्हता, आणि आजही तो उपदेश मला योग्य वाटत नाही.

आम्ही जे केले ते कंटाळवाणे होते. यांनी भाषेची परीक्षा दिली. मुलीला पूर्ण दिवसाची जागा मिळाल्यावर मी पूर्ण वेळ कामाला लागले. मी माझ्या आरोग्य विमा संस्थेकडे लेखी चौकशी केली, कारण इथल्या सार्वजनिक आरोग्य विम्यात मुले आणि उत्पन्न नसलेला जोडीदार वेगळा हप्ता न भरता समाविष्ट होतात, आणि यांचे वेतन थांबले तरी घरात कोणीही विम्याविना राहणार नाही हे मला कागदावर पाहायचे होते. करारातला नोटिशीचा काळ पुन्हा वाचला. कायद्याने कर्मचाऱ्यासाठी चार आठवडे, पंधरा तारखेपर्यंत किंवा महिनाअखेरपर्यंत, पण करारात तीन महिने होते. मग बारा आठवडे काहीच येणार नाही असे धरून तेवढी शिल्लक वेगळ्या खात्यात टाकली. हे सगळे व्हायला वर्षाहून अधिक काळ गेला. त्या काळात यांचे दुःख कमी झाले नाही, पण त्याला एक मुदत मिळाली, आणि मुदत असलेले दुःख माणूस वेगळ्या तऱ्हेने सोसतो, हे मी रोज संध्याकाळी घरी परतणाऱ्या त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

आता दिराची बाजू. राजीनाम्याचा विषय निघाला तेव्हा एका रात्री व्हिडिओ कॉलवर त्याने कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्याचे पत्रक समोर धरले. त्यात पाच नावे होती: तो, माझी जाऊ, त्यांचा मुलगा, आणि खाली माझे सासू-सासरे. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, मधुमेह जुना आहे, वय 68. "वहिनी, मी सोडली तर बाबांच्या पॉलिसीचं काय?" एवढेच त्याने विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर 'मनाचं ऐक' असे सांगणाऱ्या एकाही भाषणात नाही.

मला इथे दोन देशांतला खरा फरक दिसला. जर्मन व्यवस्था कुटुंब म्हणजे जोडीदार आणि मुले एवढेच धरते. मूल आहे म्हणून 60 चे 67 टक्के होतात, पण पुण्यात राहणाऱ्या आई-वडिलांचा औषधांचा खर्च तिच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. आपल्याकडे अनेक मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्याच्या आई-वडिलांनाही सामूहिक विम्यात घेतात, आणि ही फार मोठी सोय आहे. मात्र तीच सोय नोकरीला सर्वांत घट्ट बांधणारी दोरीही ठरते, कारण उतारवयात, जुने आजार असताना नवी पॉलिसी महाग पडते आणि आधीपासूनच्या आजारांसाठी थांबावे लागते. विमा नियामकाने 2024 मध्ये ही थांबण्याची कमाल मुदत चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली, सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला, आणि ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतखाली कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू लागले. आमच्या सासऱ्यांना तो टप्पा गाठायला दोन वर्षे बाकी होती. ही माहिती दिराला त्याच्या मित्रमंडळींपैकी कोणी दिली नव्हती. राजीनामा द्यावा की नाही यावर मात्र प्रत्येकाने मत दिले होते.

दुसरी दोरी घराच्या कर्जाच्या हप्त्याची, आणि तिसरी 90 दिवसांच्या नोटिशीची. हिंजवडीत काम करणाऱ्याला हे समजावून सांगायला नको: नवी कंपनी महिन्याभरात रुजू व्हा म्हणते, जुनी 90 दिवस सोडत नाही, आणि म्हणून कित्येक जण हातात दुसरे काही नसताना राजीनामा टाकतात, कारण नोटीस पिरियडमध्ये असलेल्या उमेदवाराला मुलाखतीचे फोन अधिक येतात. बाहेरून ते धाडस दिसते, आतून तो बाजाराने लादलेला जुगार असतो. जर्मनीतही तीन महिन्यांची नोटीस सर्रास आहे, पण ती नव्या कंपनीतल्या लोकांनाही असते, म्हणून सगळेच थांबतात आणि उमेदवाराला रिकाम्या हाताने उडी मारावी लागत नाही. नियम जवळजवळ तोच असून त्याचा भार इतका वेगळा पडतो, याचा विचार आपल्या उद्योगसंघटनांनी करायला हवा.

बेरोजगारीतल्या आधाराबद्दल बोलायचे तर आपल्याकडे मध्यमवर्गीय पगारदारासाठी तो जवळजवळ नाहीच. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी दैनिक वेतनाच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त 90 दिवस मिळते, पण ती कर्मचारी राज्य विम्याखालील कामगारांसाठी, आणि त्या विम्याची वेतनमर्यादा 2017 पासून दरमहा 21,000 रुपयांवर आहे. त्यावरचा माणूस भविष्य निर्वाह निधीकडे पाहतो, म्हणजे म्हातारपणासाठी साठवलेले पैसे आज मोडतो. ऑक्टोबर 2025 मध्ये निधीच्या विश्वस्त मंडळाने किमान 25 टक्के रक्कम खात्यात राखण्याचा आणि नोकरी सुटल्यावर पूर्ण रक्कम काढण्याची मुदत दोन महिन्यांवरून 12 महिन्यांवर नेण्याचा निर्णय घेतला, तेव्हा बराच संताप व्यक्त झाला. तो संताप मला समजतो, पण त्याची दिशा मला चुकलेली वाटते. निवृत्तीची पुंजी बेरोजगारीत मोडण्याचा हक्क मागण्याऐवजी बेरोजगारीचा वेगळा विमा मागायला हवा होता. जर्मनीत त्यासाठी एका मर्यादेपर्यंतच्या वेतनाच्या 2.6 टक्के रक्कम कापली जाते, निम्मी मालकाकडून आणि निम्मी कर्मचाऱ्याकडून. संघटित क्षेत्रातल्या आपल्या पगारदारांना 1.3 टक्क्यांचा भार पेलणार नाही, असे मला वाटत नाही.

इथल्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. आजारी पडल्यास सहा आठवडे मालकाकडून पूर्ण वेतन आणि त्यानंतर विमा संस्थेकडून आजारभत्ता मिळतो, ही माणुसकीची तरतूद आहे. पण नोकरीत घुसमटलेली कित्येक माणसे राजीनामा न देता आजारपणाच्या आडोशाला महिनोन्महिने राहतात, हेही मी पाहते. सुरक्षितता निर्णय शक्य करते. निर्णय घेण्याचे कष्ट ती वाचवत नाही.

'कुटुंबासाठी सहन करतो' या भूमिकेविषयीही मला गंभीरपणे काही म्हणायचे आहे. त्या भूमिकेत त्याग आहे हे मान्य, पण अनेक घरांत ज्यांच्यासाठी हा त्याग चालला आहे त्यांना कोणी विचारलेलेच नसते. माझे पती कित्येक महिने मला काही बोलले नव्हते, कारण माझ्या डोक्यावर ओझे नको. ते ओझे त्यांच्या अबोल्यातून आणि मुलीवर निघणाऱ्या चिडचिडीतून घरात आलेच होते, फक्त त्याचे नाव मला ठाऊक नव्हते. ज्या दिवशी आम्ही उत्पन्न, खर्च आणि नोकरीला बांधलेल्या गोष्टी अशी तीन सदरे आखून एक कागद भरला, त्या दिवसापासून तो प्रश्न आमचा झाला. पगार आणणाऱ्या एकाच माणसाने घरच्यांना अंधारात ठेवून राजीनामा देणे जितके चुकीचे, तितकेच घरच्यांना अंधारात ठेवून झिजत राहणेही चुकीचे आहे, असे मी जबाबदारीने म्हणते.

दिरानेही तसा कागद भरला. आई-वडिलांसाठी त्याने स्वतंत्र पॉलिसी सुरू केली, हप्ता जास्त असूनही. थांबण्याची मुदत आतापासून मोजली जाऊ लागली, आणि तोवर कंपनीचे छत्र आहेच. बँकेला विचारून कर्जाची मुदत वाढवून घेतली, त्यामुळे व्याज एकूण जास्त जाईल पण महिन्याचा हप्ता उतरला. जाऊ शिकवण्या घेत होती, तिने शाळेत पूर्ण वेळ नोकरी धरली. ही कामे होत गेली तसे त्याचे बोलणे बदलले. आधी त्याला संगणकाचे क्षेत्रच नकोसे झाले होते. आता त्याला कळले आहे की काम आवडते, नकोशी आहे ती त्या प्रकल्पातली वागणूक. भीती मोठी असताना हा फरक त्याला दिसणे शक्यच नव्हते.

सध्या तो एका लहान कंपनीशी बोलतो आहे. त्यांनी 90 दिवस थांबण्याची तयारी दाखवली आहे, पगार मात्र आतापेक्षा कमी असेल. जावेला ते मान्य आहे. सासूबाईंना कमी पगाराची गोष्ट अजून सांगितलेली नाही, आणि ती होकार कळवण्याच्या आधीच सांगावी, असे मी दोघांनाही सांगितले आहे.