‘यूव्ही लॅम्प म्हणजे शेवटी निळी ट्यूबलाइटच’ या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

पाण्याचे प्लांट लावणाऱ्या आणि मेंटेन करणाऱ्या लोकांमध्ये एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. त्याचा सारांश असा: यूव्ही लॅम्प म्हणजे निळी ट्यूबलाइट, कंपन्या ‘कस्टम लॅम्प’च्या नावाखाली लुटतात, लांबी आणि वॅट जुळवा आणि बाजारात मिळेल ती लावा, वॅट जास्त मिळाले तर उत्तमच, झाकण उघडून निळा उजेड दिसला की समजा जंतू मरतायत, ओझोनचा वास आला तर अजून चांगलं, आणि लॅम्प जळेपर्यंत बदलायची गरज नाही. मी भोसरीला यूव्ही चेंबर (पाणी लॅम्पजवळून जातं ते नळकांडं) बनवायच्या कामात आहे, हे रोजचं काम आहे, आणि या मेसेजवर भरोसा ठेवून शाळा-वसतिगृहांच्या प्लांटमध्ये लॅम्प बदलले जातायत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘ट्यूबलाइटच आहे’. यात अर्धं खरं आहे आणि तेच घातक आहे. साध्या ट्यूबमध्ये पण कमी दाबाची पाऱ्याची वाफच असते आणि ती २५३.७ (बोलताना २५४) नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण देते, पण आतला पांढरा पावडरचा थर त्याचा दिसणारा उजेड करतो आणि उरलंसुरलं साधी काच अडवते. जंतू मारायच्या लॅम्पमध्ये तो थर नसतो आणि काच क्वार्ट्झची किंवा यूव्हीसी (हेच जंतू मारणारे किरण) जाऊ देणारी खास काच असते, हा फरक पूर्ण खेळ बदलतो. आता बाजारात ‘यूव्ही ट्यूब’ मागितली तर कीटक पकडायच्या मशीनची, ३६५ नॅनोमीटरच्या आसपासची ट्यूब पण मिळू शकते, तिच्याही दोन पिना त्याच होल्डरमध्ये बसतात, ती पण निळसर जळते, आणि पाण्यातल्या जंतूंना तिचं काहीही होत नाही. डीएनए सगळ्यात जास्त शोषतो ते साधारण २६० ते २६५ नॅनोमीटरला, २५४ त्याच्या अगदी जवळ आहे म्हणून काम होतं, डीएनएमधले शेजारशेजारचे थायमिन नावाचे घटक एकमेकांना चिकटतात आणि जंतूला स्वतःची नक्कल काढता येत नाही. ३६५ ला हे होत नाही.

‘लांबी जुळवा’. कुठली लांबी? हा प्रश्न विचारला की समोरचा गप्प होतो. लॅम्पची पूर्ण लांबी एक आणि आर्क लेंग्थ, म्हणजे दोन फिलामेंटच्या मधला प्रत्यक्ष जळणारा भाग, ही वेगळी. एका वसतिगृहाच्या प्लांटमध्ये पाणी नमुन्यात फेल होत होतं, लॅम्प जळतोय, फ्लो बरोबर, तर लॅम्प बाहेर काढून मूळ लॅम्पशेजारी ठेवला तेव्हा दिसलं की टोकापासून टोकापर्यंत दोन्ही सेम, पण बाजारातल्याचं एका बाजूचं सॉकेट आणि काळोखा भाग चांगला लांब, आणि तो भाग नेमका आउटलेटच्या तोंडाशी येत होता. वरून स्लीव्हवर, म्हणजे लॅम्पभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर, बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षाराचा थर, बोटाने खरवडला तर निघेल इतका जाड. म्हणजे चेंबरचा शेवटचा तुकडा जवळजवळ अंधारात, आणि पाणी तिथूनच बाहेर. कस्टम लॅम्प मागवतात तो यासाठी, की आर्क चेंबरच्या इनलेट-आउटलेटच्या हिशोबाने बसावा. हे ड्रॉइंगवर मिलिमीटरमध्ये लिहून मागायचं, सॉकेटच्या आतल्या कडेपासून फिलामेंट किती आत आहे ते पण, कारण बनवणाऱ्याला नाही सांगितलं तर तो त्याच्या सोयीने बनवतो.

‘वॅट जास्त म्हणजे चांगलं’. वॅट हे विजेचं माप आहे, जंतूंचं नाही. कमी दाबाच्या चांगल्या लॅम्पमध्ये विजेचा साधारण एक तृतीयांश भाग २५४ मध्ये निघतो, मध्यम दाबाच्या लॅम्पमध्ये त्याहून बराच कमी, तिथे इतर तरंगलांब्या भरपूर आणि उष्णता जास्त. मग लॅम्पचा रिअल आकडा कुठला तर २५४ चा आउटपुट, १०० तास जाळून झाल्यावरचा, १ मीटरवर मोजलेला. हा आकडा ज्या विक्रेत्याकडे नाही त्याच्याकडून लॅम्प घेऊ नका, मी घेत नाही.

आणि खरं तर हिशोब लॅम्पपासून सुरूच होत नाही, तो डोसपासून होतो. डोस म्हणजे तीव्रता गुणिले वेळ: १० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर ४ सेकंद मिळाले तर ४० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. पंप बदलून फ्लो दुप्पट केला की वेळ निम्मा, डोस २०, लॅम्पचं नाव तेच. एनएसएफ ५५ या पिण्याच्या पाण्याच्या यूव्ही मशीनच्या मानकात क्लास ए ला ४० लागतात. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेच्या तक्त्यात क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी ३ लॉग, म्हणजे ९९.९ टक्के, निष्क्रिय करायला १२ पुरतात, पण व्हायरस ४ लॉग, म्हणजे ९९.९९ टक्के, करायचे असतील तर १८६, कारण अॅडेनोव्हायरस यूव्हीला फार चिवट आहे. म्हणून ‘९९.९९ टक्के मारतो’ असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न: कुठला जंतू, किती फ्लोला, कुठल्या पाण्यात. पाण्याचा मुद्दा तर सगळे विसरतात. १ सेंटिमीटर पाण्यातून ९८ टक्के यूव्ही पार जात असेल तर ३ सेंटिमीटरला ९४ टक्के उरतं, आणि ८० टक्केच जात असेल तर ३ सेंटिमीटरला ५१. आरओनंतरचं पाणी आणि पावसाळ्यातलं गढूळ नदीचं पाणी यात असाच फरक पडतो. दुसऱ्या पाण्याला जास्त वॅटचा लॅम्प ठोकून भागत नाही, चेंबरचा व्यास, लॅम्पची संख्या, आधीचा फिल्टर, हे सगळं एकत्र बघावं लागतं.

तापमान पण यात येतं. साधा कमी दाबाचा लॅम्प त्याच्या सगळ्यात थंड जागेचं तापमान साधारण ४० डिग्रीच्या जवळपास असलं की नीट देतो, त्याहून खाली किंवा वर गेलं की २५४ कमी. एसीच्या डक्टमध्ये थंड वारा लागतो, तर विदर्भात उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी आधीच तापलेलं येतं, दोन्ही ठिकाणी एकच लॅम्प सारखा चालेल हे समजणं चूक. रात्रभर फ्लो बंद आणि लॅम्प चालू राहिला तर चेंबरमधलं साचलेलं पाणी गरम होतं ते वेगळंच. जास्त पॉवर हवी आणि गरम जागा असेल तिथे अमाल्गम लॅम्प (पारा दुसऱ्या धातूत मिसळून ठिपक्यासारखा बसवलेला) असतो, पण तो उभा बसवणार की आडवा हे आधी सांगायला लागतं, नाहीतर गरम झाल्यावर अमाल्गमचा ठिपका जागेवरून घसरू शकतो. मेसेजमध्ये यातलं काहीच नाही.

चोक, म्हणजे बॅलास्ट, लॅम्पचा करंट सांभाळणारा भाग. ‘त्याच वॅटचा चोक चालतो’ असंही मेसेजमध्ये आहे. लॅम्प करंटवर चालतो, वॅटवर नाही. करंट जास्त गेला तर टोकं लवकर काळी पडतात, कमी गेला तर फिलामेंट पुरेसं गरम राहत नाही आणि तरी टोकं काळी पडतात, आणि प्रीहीट (फिलामेंट आधी तापवायची सोय) नसलेला बॅलास्ट असेल तर प्रत्येक स्टार्टला लॅम्पचं आयुष्य झिजतं. लॅम्प आणि बॅलास्ट एकत्र टेस्ट केलेली जोडी मागा, लॅम्प करंट लेबलवर लिहून घ्या. वायर लांब असेल तर ती लांबी पण सांगा.

ओझोनचा वास. इथे मला सगळ्यात जास्त राग येतो. पाऱ्याची वाफ १८५ नॅनोमीटरलाही किरण देते, आणि शुद्ध सिंथेटिक क्वार्ट्झ असेल तर ते बाहेर येऊन हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन करतात, टायटॅनियम मिसळलेल्या क्वार्ट्झमध्ये ते अडतात. १८५ मुद्दाम हवं असतं अशी कामं आहेत, उदाहरणार्थ फार्मा आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या अतिशुद्ध पाण्यातला सेंद्रिय कार्बन कमी करायला, तिथे तेच क्वार्ट्झ मागवतात. पण बंद खोलीतल्या किंवा डक्टमधल्या लॅम्पला वास येतोय तर माणसांच्या फुफ्फुसात ओझोन जातोय, शिवाय रबरी सील आणि वायरचं कव्हर पण खराब होतं. ऑर्डरमध्ये ‘ओझोन फ्री’ किंवा ‘ओझोन जनरेटिंग’ हे शब्द स्पष्ट लिहा, गृहीत धरू नका.

झाकण उघडून उजेड बघणं, हे तर कृपा करून थांबवा. निळा उजेड हा पाऱ्याच्या ४३६ नॅनोमीटरसारख्या दिसणाऱ्या रेषांचा असतो, २५४ डोळ्याला दिसतच नाही. क्वार्ट्झ जुना होऊन यूव्ही अडवायला लागला, आतून पारा बसला तरी निळं तसंच दिसत राहतं. आणि २५४ साठी माणसाची ८ तासांची मर्यादा ६ मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर आहे, म्हणजे १ मीटरवर ०.२ मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर देणाऱ्या लॅम्पसमोर ती ३० सेकंदांत संपते, जवळून तर त्याहून खूप लवकर. त्यावेळी काही जाणवत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. २०२० मध्ये कोविडच्या धसक्याने लोकांनी यूव्ही काठ्या हातावर फिरवल्या, डब्ल्यूएचओने तेव्हाच सांगितलं होतं की हात किंवा त्वचा निर्जंतुक करायला हे लॅम्प वापरू नका. चेक करायचं तर यूव्हीसी मीटर किंवा चेंबरवरचा सेन्सर वापरा, आणि समोर जावंच लागलं तर पॉलीकार्बोनेटची पूर्ण चेहरा झाकणारी शील्ड लावा.

‘जळेपर्यंत बदलू नका’. साधे लॅम्प साधारण ९००० तासांना रेट केलेले असतात, वर्षाचे तास ८७६०, म्हणून वर्षाला बदलायचं म्हणतात, कोणाच्या धंद्यासाठी नाही. डिझाइन करताना डोस शेवटच्या दिवसाच्या आउटपुटवर काढतात, नव्या लॅम्पच्या नाही, मग ते ८० टक्के धरलंय की ७० हे विचारून घ्या.

आता मेसेजमधला एक मुद्दा मला मान्य आहे. काही जण मुद्दाम वेगळ्याच आकाराचं सॉकेट देतात, तांत्रिक कारण काहीच नाही, फक्त गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून, आणि मग लॅम्पला वाटेल ती किंमत लावतात. हे चूक आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. उपाय मात्र कुठलीही ट्यूब लावणं नाही. मशीन घेतानाच लॅम्पचं ड्रॉइंग लिहून घ्या: पूर्ण लांबी, आर्क, व्यास, क्वार्ट्झचा प्रकार, पिनांची रचना, लॅम्प करंट, १०० तासांनंतरचा २५४ चा आउटपुट, शेवटी किती उरेल ते, बसवायची दिशा. एवढा कागद हातात असला तर दुसरा बनवणारा पण तोच लॅम्प बनवून देऊ शकतो. नवा लॅम्प १०० तास चालला की सेन्सरवरचा आकडा तारखेसह चेंबरच्या स्टिकरवर लिहून ठेवा, पुढे कधी नमुना फेल गेला तर लॅम्प उतरलाय, स्लीव्हवर क्षार बसलाय की पाणीच गढूळ आलंय हे तिथून शोधायला सुरुवात करता येते.