माया संपलेले नाहीत. त्यांच्या मुलखात रस्त्याने फिरा

मेक्सिको-ग्वाटेमालाकडचे मूळ रहिवासी 'माया' यांचं नाव काढलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात. एक, २०१२ साली जग बुडणार म्हणून वाहिन्यांनी घातलेला धुमाकूळ. दुसरी, चिचेन इत्झाच्या पिरॅमिडचा फोटो. त्यापाठोपाठ प्रश्न ठरलेला: "ती संस्कृती एकाएकी नष्ट झाली ना?" हा प्रश्न ऐकला की मला आता खरंच चीड येते. म्हणून ही पोस्ट लांब होणार आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

नष्ट कोण झालं? ग्वाटेमालाच्या २०१८ च्या जनगणनेत चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांनी आपली नोंद माया म्हणून केली आहे. त्या एका देशात बावीस माया भाषा आहेत. मेक्सिकोतले चियापास आणि युकातान, बेलीझचा दक्षिण भाग, होंडुरासचा पश्चिम कोपरा, सगळीकडे ही माणसं शेती करतात, बाजार भरवतात, शाळेत शिकवतात, निवडणुका लढवतात. नवव्या शतकात ओस पडली ती सखल भागातली मोठी नगरं. दुष्काळ पडले, राजाराजांत लढाया चालू राहिल्या, लोकांचा राजांवरचा विश्वास उडाला. ग्वाटेमालातल्या तिकाल या प्राचीन नगरात तारीख कोरलेला शेवटचा स्तंभ इ.स. ८६९ चा आहे. राजे गेले, दरबार गेले, माणसं मात्र मक्याच्या शेतात राहिली. शेवटचं स्वतंत्र माया राज्य स्पॅनिश फौजेने जिंकलं ते १३ मार्च १६९७ रोजी. आपल्याकडे तेव्हा राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते. इतकी अलीकडची गोष्ट आहे ही.

माझं म्हणणं असं की हे समजायचं असेल तर तो मुलूख रस्त्याने, नदीने, तिथल्या लोकांच्या शेजारी बसून पार करायला हवा. मेक्सिकोतल्या कॅनकूनला उतरायचं, समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात राहायचं, एक दिवस वातानुकूलित बसने चिचेन इत्झा बघायचं आणि परत यायचं, असे कार्यक्रम टूरवाले सर्रास विकतात. त्यात माया भेटतात ते फक्त दगडात. जिवंत माणसं दिसतात ती ट्रे घेऊन उभी असलेली.

मी आणि नवरा चियापासमधल्या सान क्रिस्तोबालहून निघालो आणि ग्वाटेमालातल्या आतित्लान सरोवरापर्यंत बस, कोलेक्तिवो, होडी, पिकअपचा हौदा, जे मिळेल ते पकडत गेलो. कोलेक्तिवो म्हणजे आपली वडाप. भरली की सुटते, कुठेही थांबते, आणि शेजारच्या मांडीवर कोंबडी असू शकते. ग्वाटेमालात अमेरिकेतल्या निवृत्त शाळेच्या बसगाड्या भडक रंगवून चालवतात. दोघांच्या बाकावर तिघं बसतात आणि कंडक्टर टपावरचं सामान बांधून धावत्या गाडीत मागच्या दाराने आत येतो. आमचं स्पॅनिश मोडकंतोडकं होतं, पण शेजारच्या आजींचंही कधी कधी तसंच असायचं, कारण त्यांची घरची भाषा त्सोत्सिल किंवा केक्ची, या माया भाषांपैकी एखादी. दोघंही परक्या भाषेत बोलत असलो की गप्पा फार छान होतात.

सान क्रिस्तोबालजवळच सान हुआन चामुला हे त्सोत्सिल लोकांचं गाव आहे. तिथलं चर्च बाहेरून इतर चर्चसारखंच पांढरं. आत बाकडी नाहीत. फरशीवर पाइनच्या हिरव्या सुया पसरलेल्या, त्या जराशा बाजूला सारून मोकळ्या केलेल्या जागेत मेणबत्त्यांच्या रांगा थेट फरशीवर चिकटवलेल्या. एक कुटुंब जमिनीवर बसलेलं, एक म्हातारी बाई आजारी मुलाच्या अंगावरून अंडं उतरवत पुटपुटत होती. शेजारी गावठी दारूची बाटली आणि शीतपेयाच्या बाटल्या, दोन्ही पूजेचाच भाग. कोपल धुपाने डोळे चुरचुरत होते. आत फोटो काढायला सक्त मनाई आहे आणि ती पाळली नाही तर गावकरी गय करत नाहीत. मला ते फार योग्य वाटलं. कुणाच्या आजारपणात, कुणाच्या प्रार्थनेत मोबाइल खुपसायचा अधिकार आपल्याला प्रवेशाच्या तिकिटाबरोबर मिळत नाही.

तिथून उतरत उतरत पालेंके हे प्राचीन माया नगर. पकाल राजाची कबर १९५२ साली आल्बेर्तो रूस यांनी एका मंदिराच्या पोटात शोधली, ती हीच जागा. पालेंकेबद्दल बरंच लिहिलं गेलंय, मी थांबत नाही. पुढची उसुमासिंता नदी मात्र सांगायलाच हवी. ही नदी इथे मेक्सिको आणि ग्वाटेमालाची सीमा आहे. याशचिलान नावाचं प्राचीन नगर तिच्या वळणात आहे आणि तिथे मोटाररस्ता जातच नाही. फ्रोंतेरा कोरोसालहून लांब, चिंचोळ्या होडीने जायचं. एका काठावर एक देश, दुसऱ्या काठावर दुसरा, मध्ये वाळूवर पहुडलेल्या मगरी. होडीतून उतरून अंधाऱ्या, वटवाघळांच्या वासाच्या दगडी बोळातून गेलं की एकदम मोठं पटांगण उघडतं. तिथल्या दारांवरच्या कोरीव शिळांपैकी सर्वांत नावाजलेल्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांतल्या एकीवर राणी आपल्या जिभेतून काटेरी दोर ओवते आहे. दारावर ती शिळा नाही, हे तिथे उभं राहून बघितलं की संग्रहालयांबद्दलचं आपलं मत जरा बदलतं. आमचा नावाडी सगळ्या वाटेत गप्प होता, पण माकडांचा आवाज आला की हात करून दाखवायचा. हाउलर माकडं ओरडतात तेव्हा पहिल्यांदा वाघच आहे असं वाटतं.

नदीपलीकडे पेतेन, ग्वाटेमालाचा उत्तरेचा जंगली प्रांत. आणि इथे आपल्या चिकूची गोष्ट सुरू होते. डहाणू-घोलवडचा चिकू आपण इतका आपला मानतो, त्याला भौगोलिक मानांकनही आहे, पण हे झाड मूळचं या जंगलातलं. इथल्या उंच चिकूंच्या खोडांवर तिरक्या खाचांच्या नक्षीसारखे जुने वण दिसतात. कोयत्याने त्या खाचा पाडून चीक गोळा करायचे आणि त्यापासून च्युइंगम बनायचं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेने जो गम चघळला त्यातला बराच इथला. तिकालच्या मंदिरांच्या दारांवरच्या तुळयाही चिकूच्याच लाकडाच्या. बाराशे वर्षांपूर्वी कोरलेलं लाकूड या दमट हवेत टिकतं, यावरून ते किती चिवट असेल बघा.

तिकालला आम्ही पहाटे चौथ्या मंदिराच्या लाकडी जिन्याने वर गेलो. धुकं, त्यातून वर आलेले दोन-तीन कळस, पक्ष्यांचा कालवा. सुंदरच आहे. पण मला जास्त लक्षात राहिलं ते खालच्या मोठ्या चौकातलं एक काळं वर्तुळ. तिथे आजही माया पुजारी होम करतात. कोपल, साखर, मेणबत्त्या पेटवतात, २६० दिवसांच्या पंचांगातल्या दिवसाचं नाव घेतात. आजूबाजूला पर्यटक सेल्फी काढत असतात आणि हे आपलं काम करत असतात. तिकालला जवळपास नदी नाही. एवढं मोठं नगर त्यांनी पावसाचं पाणी साठवून जगवलं, आणि एका तलावात पाणी गाळायला क्वार्ट्झची वाळू आणि झिओलाइट नावाचं खनिज वापरल्याचं संशोधकांना सापडलं आहे. २०१८ मध्ये विमानातून लेझर सोडून केलेल्या पाहणीत याच पेतेनच्या जंगलाखाली साठ हजारांहून जास्त बांधकामं दिसली: घरं, रस्ते, शेताचे बांध. म्हणजे ज्याला आपण आदिम अरण्य म्हणतो तिथे कधीकाळी दाट वस्ती होती.

आता जंगल वाचवायचं कसं, यावर माझं मत ठाम झालं आहे. पेतेनमध्ये १९९० साली सुमारे २१ हजार चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर झालं. त्यातला काही भाग नंतर तिथल्याच गावांच्या सहकारी संस्थांना सांभाळायला दिला. तिकालच्या उत्तरेला उआशाक्तुन आहे, मूळचं चीक गोळा करणाऱ्यांचं गाव. त्यांच्याकडे ऐंशी हजार हेक्टरहून जास्त जंगल आहे. ठरवून मोजकी महोगनी तोडतात, पुष्पगुच्छात वापरतात ती शाते पामची पानं विकतात, रामोन नावाच्या झाडाच्या बियांचं पीठ करतात. त्या जंगलात वणवे आणि तोड कमी आहे. उलट कागदावर कडक संरक्षण असलेला पश्चिमेचा लागुना देल तिग्रेचा पट्टा गुरांच्या कुरणांसाठी जाळला गेला. ज्यांचं पोट जंगलावर आहे त्यांच्या हातात जंगल द्या, ते राखतात. गडचिरोलीत मेंढा-लेखाने हेच दाखवलंय ना!

आणि म्हणूनच मेक्सिकोच्या 'ट्रेन माया'ला माझा विरोध आहे. सुमारे दीड हजार किलोमीटरची ही रेल्वे डिसेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिने युकातानच्या गरीब भागात रोजगार आला हे खरं आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्यासाठी जंगल तोडलं, आणि तुलुमच्या बाजूला तर चुनखडीतल्या गुहांच्या छतांतून पोलादी खांब खाली उतरवले. युकातानमध्ये जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीत, सगळं गोडं पाणी त्या गुहांमध्ये आहे. पर्यटक अवशेषांपर्यंत लवकर पोचावेत म्हणून माया माणसांच्या पिण्याच्या पाण्याशी खेळ करायचा आणि नाव मात्र त्यांचंच द्यायचं, हे मला पटत नाही.

असो. पेतेनहून दक्षिणेला डोंगर चढले की आल्ता वेरापास, केक्ची लोकांचा मुलूख. लांकिनला जाणाऱ्या मिनीबसमध्ये चढलो आणि गाडीभर वेलदोड्याचा वास! एका काकांच्या पायाशी पोतं होतं. मी विचारलं, त्यांनी तोंड सोडून दाखवलं, नुकते वाळवलेले हिरवेगार वेलदोडे. आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचं हे पीक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे लावलं गेलं आणि आज ग्वाटेमाला जगातला सर्वांत मोठा निर्यातदार आहे. मी काकांना विचारलं, घरी कशात घालता? ते हसले. कशातच नाही. सगळा विकायचा, बहुतेक अरब देशांत जातो. मी त्यांना सांगितलं की आम्ही चहात घालतो, श्रीखंडात घालतो, पुरणात तर हवाच. त्यांनी ते मागच्या बाकावरच्यांना केक्चीत सांगितलं आणि गाडीत चर्चा सुरू झाली. मग काका दराचं बोलायला लागले. मधला व्यापारी गावात येऊन माल उचलतो, तिथे असे लोक 'कोयोते' म्हणजे कोल्हे म्हणून ओळखले जातात. भाव पडला की काय करणार, झाड काही अंगणात ठेवून उपयोग नाही. नाशिकचा कांदेवाला बोलतोय असं वाटावं इतकं ते ओळखीचं होतं. उतरताना त्यांनी माझ्या ओंजळीत मूठभर वेलदोडे टाकले आणि पैसे घेतले नाहीत.

मी पुढचं लिहिलं नाही तर हे सगळं गोडगोड प्रवासवर्णन होईल. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ यादवी चालली. दोन लाखांच्या आसपास माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. हे सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये नोंदवलं आहे. बहुतेक अत्याचार लष्कराने आणि त्याच्या साथीदारांनी केले. आतित्लानच्या काठावरच्या सांतियागो गावात २ डिसेंबर १९९० रोजी सैनिकांनी नि:शस्त्र जमावावर गोळीबार केला, तेरा जण गेले, त्यांत मुलंही होती. त्यानंतर तिथल्या त्सुतुहिल माया गावकऱ्यांनी सह्या गोळा केल्या आणि लष्कराला तिथला तळ हलवायला लावला. त्या जागी आज स्मारक आहे. सरोवराचे आणि ज्वालामुखींचे फोटो काढायला येणारे बहुतेक जण होडीतून उतरतात, बाजार करतात आणि तिकडे न फिरकता परत जातात. कृपा करून जा. "गूढरीत्या नष्ट झाले" हे वाक्य माझ्या डोक्यात जातं ते यामुळेच. यांना नष्ट करायचा प्रयत्न झाला तो आपल्या हयातीत.

सरोवराच्या पलीकडच्या सान हुआन ला लागुना गावात बायका कमरेच्या मागावर विणतात. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं पट्ट्याने कमरेला, आणि ताण द्यायचा तो स्वतःच्या पाठीने. एका ताईंनी मला बसवून बघितलं, दहा मिनिटांत कंबर भरून आली. नक्षीदार विपिल, म्हणजे त्यांचं पोलकं, विणायला महिने जातात. आणि आपले लोक तिथे "लास्ट प्राइस" विचारतात! बाजारात यंत्रावर छापलेल्या नकला निम्म्याहून कमी भावात मिळतात, त्यामुळे ती घासाघीस विणकरणीला जास्तच जाचते. ग्वाटेमालातल्या विणकर बायका आपल्या नक्षीवर सामुदायिक हक्क मिळावा म्हणून कायद्याची लढाई लढत आहेत. विकत घ्यायचं नसेल तर घेऊ नका, पण घ्यायचं तर थेट विणणारीकडून आणि ती सांगेल त्या भावात.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते एप्रिल बरा, एरवी पाऊस. वैध अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोला वेगळा लागत नाही. चियापासच्या सीमाभागात गेल्या काही वर्षांत टोळ्यांचा त्रास वाढला आहे, म्हणून कुठला रस्ता सुरू आहे हे आदल्या दिवशी राहत्या ठिकाणी विचारा आणि अंधार पडल्यावर प्रवास करू नका. वाटाड्या शक्यतो त्याच गावचा घ्या. शाकाहाऱ्यांनी काळजी करू नये, चुन्यात शिजवलेल्या मक्याच्या ताज्या तोर्तिया, काळा घेवडा, आवोकादो सगळीकडे मिळतं आणि हिरवी मिरची मागितली की लोक खूश होतात. लांकिनजवळच्या सेमुक शाम्पेसाठी एक पूर्ण दिवस ठेवा. तिथे नदी दगडी पुलाखालून जाते आणि पुलावर निळ्या-हिरव्या पाण्याचे टप्पे आहेत. मोठा पाऊस झाला की तेही पाणी गढूळ होतं, तेव्हा बेत कोरड्या दिवसांतच आखा.