आपला तो ऑफेन्स, दुसऱ्याचा तो फाटका डिफेन्स

पोराला अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, तुम्ही घर गहाण टाकून फी भरलीत आणि बदल्यात तुम्हाला भडक रंगाचा एक टी-शर्ट मिळाला. अभिनंदन! आता सप्टेंबर ते नोव्हेंबर दर शनिवारी कॉलेज फुटबॉलवर (अमेरिकन, चेंडू हातात घेऊन खेळायचा) तुमचं ठाम मत असणं बंधनकारक आहे. खेळ कळला पाहिजे असं काही नाही. पार्किंगमधल्या टेलगेटवर, म्हणजे सामन्याआधी गाडीमागे रंगणाऱ्या खाण्यापिण्यात, हातात कागदी ताटली धरून एकच प्रश्न टाकायचा: हल्ली हे स्कोअर एवढे फुगतात, ते ऑफेन्स (चेंडू घेऊन चढाई करणारे) तगडे झाले म्हणून की डिफेन्स (त्यांना अडवणारे) फाटके झाले म्हणून?

प्रश्न टाकून गप्प राहू नका, लगेच उत्तरही द्या. ते शोधायला कुठे जावं लागत नाही, टी-शर्टच्या रंगात असतं. आपल्या संघाने ५९ गुण केले, तर कोचची प्रतिभा. समोरच्याने आपल्यावर ६६ चढवले, तर आपल्या डिफेन्सच्या कोचला आज रात्रीच हाकला. समोरचा मुळात चांगला खेळला असेल, ही शक्यता तोंडातून काढू नका. लोक तुम्हाला सॉकरवाला समजतील.

५९ आणि ६६ हे आकडे मी हवेतून काढलेले नाहीत. २२ ऑक्टोबर २०१६ला लबक गावी ओक्लाहोमाने टेक्सास टेकला ६६-५९ असं हरवलं. दोन्ही संघांनी त्या रात्री चेंडू पुढे नेत प्रत्येकी ८५४ यार्ड काढले. एक यार्ड कमी नाही, एक जास्त नाही. टेकच्या क्वार्टरबॅकने (ऑफेन्सचा म्होरक्या, चेंडू फेकणारा) ८८ वेळा चेंडू फेकला, ७३४ यार्ड मिळवले आणि तरी हरला. असल्या सामन्यावर ‘याला काय फुटबॉल म्हणतात? दोन्हीकडे डिफेन्स नावाची चीजच नाही’ असं नाक मुरडायचं असतं. फक्त त्या दोन पोरांची नावं सांगू नका. हरलेला पॅट्रिक महोम्स होता, पुढे त्याने तीन सुपर बोल, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचे अंतिम सामने, जिंकले. जिंकलेला बेकर मेफिल्ड, २०१८च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (लीगचे संघ कॉलेजची पोरं निवडतात तो) सगळ्यांत पहिला उचलला गेला. म्हणजे डिफेन्सपुढे नेमकं कोण उभं होतं, हे सांगितलं की तुमचं नाक पुन्हा सरळ करावं लागतं. आणि कुणी फारच महोम्स-महोम्स करू लागला, तर त्याला २०१८ सालचं ओक्लाहोमा ऐकवा: टेक्सासकडून (हे टेक नव्हे, दुसरं विद्यापीठ) ४८-४५ हरल्यावर त्यांनी डिफेन्सच्या कोचला हंगामाच्या मध्यावरच घरी पाठवलं. दोन्ही खिशांत एकेक दाखला ठेवावा, रंग बघून काढावा.

एक पथ्य मात्र कडक पाळा. भागाकार करायचा नाही. सगळा घोळ भागाकाराने होतो. हॅल मम्मी आणि माइक लीच या कोचांच्या जोडगोळीने ‘एअर रेड’ नावाचा प्रकार रुजवला: चेंडू फेका, फेकत राहा. त्याला जोड मिळाली घाईची, म्हणजे मध्ये घोळका करून खलबतं नकोत, धावत जागेवर या आणि पुढचा डाव टाका. यातून होतं काय, की एका सामन्यात दोघांच्याही पाळ्या, म्हणजे चेंडू घेऊन चढाई करायच्या संधी, वाढतात. ऑफेन्सने दीड मिनिटात टचडाउन केला (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या रेषेपार नेला) की त्याच संघाचा डिफेन्स घोटभर पाणी पितो न पितो तोच पुन्हा मैदानात. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! खाल्लेले गुण वाढतात, पण म्हणून डिफेन्स बिघडलाच असं नाही. २० षटकांत २०० आणि ३५ षटकांत ३०० यांतलं भारी कुठलं, हे आपल्याकडचं चौथीतलं पोर सांगेल. तसंच इथेही गुणांना पाळ्यांच्या संख्येने भागलं की अर्धा वाद जागीच मिटतो. मग उरलेला शनिवार काय करणार? सासूबाईंना फोन?

नियमांचीही चर्चा टाळा. कॉलेजात पासच्या वेळी ऑफेन्सच्या लाइनवाल्यांना (क्वार्टरबॅकपुढे आडोसा धरणारे दांडगे) तीन यार्ड पुढे जायची मुभा आहे, एनएफएलमध्ये एकच यार्ड. त्यामुळे ते पुढे घुसताना दिसले की बिचाऱ्या डिफेन्सला कळतच नाही, पोरगं चेंडू घेऊन पळणार आहे की फेकणार आहे. डोक्याला धडक दिली की २०१३पासून थेट मैदानाबाहेर. हे नियम बरोबरच आहेत, पण फायदा कुणाच्या पदरात पडला ते उघड आहे. असं बोलायला लागलात की ऑफेन्स की डिफेन्स हा प्रश्न हातातून निसटतो आणि तिसराच कुणीतरी, म्हणजे नियम करणारी समिती, दोषी निघते. समितीला शिव्या देण्यात मजा नाही. ती पार्किंगमध्ये येत नाही.

‘पूर्वी डिफेन्स होते हो!’ हे वाक्य मात्र दर अर्ध्या तासाने म्हणा. पुरावा मागितला तर १९३९चा टेक्सास टेक विरुद्ध सेंटेनरी सामना सांगा: ०-०, ७७ पंट, म्हणजे ७७ वेळा चेंडू लाथेने समोरच्याकडे उडवून दिला. हो, तेच टेक्सास टेक. त्या दिवशी पाऊस कोसळत होता आणि चेंडू हातात ठरत नव्हता, हे गिळून टाका. १९१६ साली जॉर्जिया टेकने कंबरलँडला २२२-० हरवलं होतं, तेही काढू नका. कंबरलँडने आपला संघ आधीच बंद केला होता. ठरलेला सामना टाळला तर दंड बसेल म्हणून जमेल ती पोरं गोळा करून नेली. फाटक्या डिफेन्सचं याहून शुद्ध उदाहरण सापडणार नाही, आणि ते ‘पूर्वी’चंच निघालं.

तत्त्वनिष्ठ दिसायचं असेल तर अलाबामाचे तेव्हाचे मुख्य कोच निक सेबन यांच्याकडून शिका. २०१२ साली या घाईच्या खेळाकडे बघून, फुटबॉल असाच हवा आहे का आपल्याला, असा सवाल त्यांनी जाहीरपणे केला. २०१४ साली डिफेन्सला खेळाडू बदलायला दहा सेकंद द्यावेत असा प्रस्ताव आला, सेबन त्याच्या बाजूने, आणि तो बारगळला. त्याच वर्षी त्यांनी लेन किफिन या कोचला ऑफेन्ससाठी आणलं. २०२०मध्ये अलाबामाने किफिनच्याच नव्या संघाला ६३-४८ असं हरवलं, आणि मोसमाअखेर राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात ५२ गुण ठोकले. नाचता येत नव्हतं तोवर अंगण वाकडं होतं. नंतर अंगण तेच राहिलं, सेबनसाहेब नाचायला लागले.

पण तुमच्या नशिबी आयोवाचा टी-शर्ट आला असेल, तर वरचं सगळं विसरा. तिथे फुगलेल्या स्कोअरचा त्रास नाही. २०२२ला त्यांनी साउथ डकोटा स्टेटला ७-३ असं हरवलं, तेही एकही टचडाउन न करता: एक फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारलेला) आणि दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच रेषेमागे अडवल्याचे गुण), तीन अधिक दोन अधिक दोन. ऑफेन्सचे तेव्हाचे कोच ब्रायन फेरेंट्झ हे मुख्य कोच कर्क फेरेंट्झ यांचे चिरंजीव. नातेवाईकशाहीचा बोभाटा नको म्हणून कागदोपत्री ते वडिलांच्या हाताखाली नव्हतेच. आपल्या सहकारी साखर कारखान्यांना ही युक्ती नवी नाही. २०२३मध्ये विद्यापीठाने त्यांच्या करारात अट घातली: सामन्याला सरासरी २५ गुण हवेत. ते कोण करणार, याचं बंधन नाही. डिफेन्सने केले तरी चिरंजीवांच्या खात्यात जमा.

डिफेन्सने जमेल तेवढा हातभार लावला. सरासरी पंधराच्या आसपास अडकली, हंगाम संपला की जा, असं चिरंजीवांना हंगाम चालू असतानाच सांगण्यात आलं, आणि संघाने दहा सामने जिंकले. देशातला सर्वोत्तम पंटर म्हणून त्या वर्षी त्यांच्याच टोरी टेलरला पुरस्कार मिळाला. तेव्हा आयोवाच्या पार्किंगमध्ये ऑफेन्सचा विषय निघाला, तर मान खाली घालून मक्याचं कणीस खात राहा आणि पंट कसा उंच गेला ते बोला.